नेहमीचं

आमच्या ऑफिसच्या गल्लीच्या तोंडाशी एक उडप्याचं हॉटेल आहे. रोज सकाळी सव्वानऊला मी तिथे उपमा खातो आणि कमी साखरेचा चहा घेतो. याला आता अकरा वर्षं झाली. टेबलही ठरलेलं, बेसिनशेजारचं. तिथे फारसं कुणी बसत नाही आणि पंखा थेट डोक्यावर येत नाही. तिथल्या वेटरना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी माझं विचारलं नाही, मी ‘साहेब’. गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी झालं असं, की मी खुर्ची ओढून बसायच्या आतच उपम्याची बशी समोर आली. वर शेव, बाजूला चटणीची वाटी. अण्णांनी मला रस्ता ओलांडतानाच काचेतून पाहिलं असणार. “नेहमीचं,” असं म्हणून ते वळलेसुद्धा. रोज या शब्दामागे एक छोटंसं ‘ना?’ असायचं, ते त्या दिवशी गळालं, एवढंच. आणि मी म्हणालो, “मी उपमा सांगितला नव्हता. मिसळ आणा.”

आवाज जरा चढलाच होता. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने मान वर करून पाहिलं. अण्णा क्षणभर थांबले, काही बोलले नाहीत, बशी उचलून घेऊन गेले. मग मिसळ आली. वर तर्रीचा बोटभर जाड लाल थर, दोन स्लाइस, कांदा. मला सहा वर्षांपासून पित्ताचा त्रास आहे. डॉक्टरांनी मिसळ, भजी, लोणचं या सगळ्यावर काट मारलेली आहे. मी ती मिसळ पूर्ण खाल्ली. वर सँपल मागून घेतलं आणि तेही ओरपलं. नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी कुणावर तरी सूड उगवल्यासारखा चमचा चालवत होतो.

हवा होता मला उपमाच.

दिवसभर छातीत निखारा. रात्री तर झोपच लागेना. उशीवर उशी ठेवून बसून राहिलो. थोडा कण्हलो. मग थोडा मोठ्याने कण्हलो, हे आता कबूल करायला हरकत नाही. बायको जागी झाली, “काय खाल्लंस?” म्हणाली. “नेहमीचंच,” मी म्हणालो. ती उठून थंड दूध घेऊन आली आणि पेला हातात देताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. तिला कळलं होतं. मला जे खटकलं ते वेगळंच. त्या कण्हण्यात मला मजा येत होती. जळजळ खरी होती, पण आवाजाला मी लावलेली मात्रा माझी होती. आणि नेमकं त्या मजेपाशी काळोखात मला कुणीतरी जुना ओळखीचा भेटला. दाढदुखीतसुद्धा सुख असतं, असं छातीठोकपणे सांगणारा. शिकलेला माणूस दाढ दुखली की पहिल्या दिवशी साधा विव्हळतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचं विव्हळणं बदलतं, त्यात ताना येतात, घरातल्या कुणालाही झोपू द्यायचं नाही असा त्याला नेम धरता येतो, असं त्याने सविस्तर लिहून ठेवलं आहे. दोस्तोयेव्हस्कीचा तो पीटर्सबर्गमधला बिननावाचा, निवृत्त, चाळिशीचा कारकून.

ते पुस्तक मी बाविसाव्या वर्षी अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं होतं. इंग्रजी भाषांतर, पाठीचा कणा सुटलेला, पानांना उंदराच्या लेंड्यांचा वास. हा वास पुस्तकाला शोभत होता हे पुढे कळलं, कारण तो माणूस स्वतःला वारंवार उंदीरच म्हणतो. इंग्रजीत ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ म्हणतात, पण मूळ रशियन शब्द आहे ‘पोद्पोल्ये’. ‘पोल’ म्हणजे फरशी, जमीन. ‘पोद’ म्हणजे खाली. जमिनीच्या लाकडी फळ्या आणि खालची माती यांच्यामधली ती सांदड. आपण तळघर म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर जिना येतो, खोली येते. इथे जिना नाही. मला जवळचं वाटतं ते जुन्या वाड्यातलं धान्याचं पेव. आमच्या आजोळी होतं. उघडल्या उघडल्या आत कुणी उतरायचं नाही, आतली हवा मारते, अशी सक्त ताकीद असे. आजी आधी दिवा सोडायची, तो विझला नाही तरच गडी आत उतरे. तो कारकून अशा हवेत वर्षानुवर्षं राहिला आणि वर तोंड करून बोलत राहिला.

पहिलंच वाक्य, मी आजारी माणूस आहे. मग, मी दुष्ट माणूस आहे. मग त्याला वाटतं की आपलं यकृत दुखतंय. डॉक्टरकडे मात्र तो जाणार नाही, केवळ दुष्टपणापायी; आणि यात नुकसान डॉक्टरचं नाही, आपलंच आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. यकृत दुखतंय काय, दुखू दे अजून! बाविसाव्या वर्षी या ओळीखाली मी पेन्सिलने दोन रेघा मारल्या होत्या. समासात ‘व्वा’ लिहिलं होतं. तेव्हा मला तो बंडखोर वाटला होता. होस्टेलच्या खोलीत मी तसं वागूनही पाहिलं, म्हणजे जेवायला बोलावलं की नाही म्हणायचं आणि मग रात्री उपाशी पोटी त्याचा अभिमान बाळगायचा. चाळिशीनंतर जगत राहणं हे असभ्यपणाचं आहे, असंही तो म्हणतो. त्याखालीही रेघ आहे. परवा त्या रेघेकडे छप्पन्नाव्या वर्षी पाहताना मला हसू आलं आणि थोडी चीडही. माझ्याहून सोळा वर्षांनी लहान असलेला हा गृहस्थ मला आता ऑफिसातल्या एखाद्या हुशार, चिडक्या, कुणाशीच न पटणाऱ्या सहकाऱ्यासारखा वाटतो. डबा एकटाच खाणारा. असा एक प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्यात तो मीच आहे की काय, ही शंका मी त्या रात्री दुधाच्या पेल्याबरोबर गिळली.

पण मिसळीचं कोडं त्याच्याइतकं नीट दुसऱ्या कुणी सोडवलेलं नाही. 1863 साली चेर्निशेव्हस्की या रशियन लेखकाने तुरुंगात बसून एक कादंबरी लिहिली, ‘काय करावं?’ रशियातल्या तरुणांची ती पोथी झाली. माणसाला त्याचं खरं हित कुठे आहे हे समजलं की तो आपोआप शहाण्यासारखा वागेल, असा तिचा सूर. नायिकेच्या चौथ्या स्वप्नात भविष्यातला लोखंड आणि काचेचा भला मोठा महाल येतो, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून घेतलेला. दोस्तोयेव्हस्की 1862 मध्ये लंडनला जाऊन आला होता. त्या दिमाखाने तो दिपला होता आणि हादरलाही होता. त्या कादंबरीच्या पुढच्याच वर्षी, 1864 मध्ये, त्याच्या कारकुनाने या महालाला उत्तर दिलं. त्याची तक्रार अजब आहे. महाल वाईट आहे असं तो म्हणत नाही. अशा महालाला वाकुल्या दाखवता येणार नाहीत, खिशातल्या खिशातसुद्धा अंगठा दाखवता येणार नाही, म्हणून त्याला त्याची भीती वाटते. दोन दुणे चार हे उत्तम आहे, मान्य. पण दोन दुणे पाच हीसुद्धा कधीकधी मोठी गोड गोष्ट असते. हे लिहिणारा लेखक पीटर्सबर्गच्या लष्करी इंजिनिअरिंग शाळेत शिकलेला होता, हे मला फार आवडतं. पाढे न येणाऱ्याची ती कुरकुर नव्हती.

निसर्गाचे सगळे नियम एकदा सापडले, की माणसाच्या सगळ्या कृती लॉगॅरिदमच्या कोष्टकासारख्या मांडता येतील, एक लाख आठ हजारांपर्यंत, आणि पंचांगात छापता येतील, असं तो थट्टेने म्हणतो. मग इच्छेला अर्थ काय उरला? मी पियानोची पट्टी. कुणीतरी बोट ठेवणार आणि मी ठरलेला सूर काढणार. असं होणार असेल तर माणूस मुद्दाम वेडा होईल, पण पट्टी होणार नाही, असा त्याचा दावा. माझा फोन मला रविवारी सकाळी दुधाच्या पिशव्यांची आठवण करतो, अर्धवट लिहिलेल्या निरोपाचं उरलेलं वाक्य पुढे करतो, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असतं. त्याचं मला काही वाटत नाही. यंत्राने ओळखलं तर मी निमूट अंगठा टेकवतो. अण्णांनी ओळखलं तेव्हा मात्र मी उसळलो. हे असं का, याचा विचार करत मी बरेच दिवस घालवले.

थोडं मागे जावं लागतं. 1849 च्या डिसेंबरात सेम्योनोव्हस्की चौकात या लेखकाला गोळ्या घालायला उभं केलं आणि ऐनवेळी शिक्षा बदलल्याचं जाहीर केलं, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्याच्या पुढची चार वर्षं, ओम्स्कच्या तुरुंगातली, जास्त महत्त्वाची वाटतात. त्यावर लिहिलेल्या पुस्तकात, बेड्या आणि फटके बाजूला ठेवून, तो एक वेगळाच छळ सांगतो, इतक्या वर्षांत एक मिनिटही एकटं न मिळणं. आणि एक निरीक्षण नोंदवतो. एखादा कैदी वर्षानुवर्षं गरीब गाईसारखा वागतो, चोरून-लपून काम करून पै-पैसा साठवतो आणि अचानक एके दिवशी सगळा पैसा दारूत, धिंगाण्यात उधळून टाकतो, वरून फटके खातो. अधिकाऱ्यांना वाटतं, चांगला माणूस बिघडला कसा. दोस्तोयेव्हस्कीला दिसतं ते असं, की जिवंत पुरलेला माणूस जागा होऊन शवपेटीचं झाकण ठोकतोय. झाकण उघडणार नाही हे त्याला सांगून काय उपयोग? ठोकणं हे काही हिशेब करून होत नाही. तो धिंगाणा घालणारा कैदी वाचला की मला तो चाळिशीचा कारकून त्याच्यामागे उभा दिसतो. फरक इतकाच, की कैद्याच्या भोवती खऱ्या भिंती होत्या. कारकुनाला दूरच्या नातेवाइकाकडून सहा हजार रूबल मिळाले, त्याने लगेच नोकरी सोडली, आणि हाताने स्वतःभोवती भिंत बांधून घेतली.

‘परात्मता’ हा शब्द मी समीक्षेच्या पुस्तकांत पुष्कळदा वाचला आहे, कुणाच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. आपण ‘तुटलेपण’ म्हणतो, किंवा ‘त्याचं कुणाशी जमत नाही हो’ म्हणतो. या कारकुनाचं तुटलेपण पुस्तकाच्या दुसऱ्या भागात दिसतं. तिथे तो चोवीस वर्षांचा आहे. एका खानावळीत बिलियर्डच्या टेबलाशी तो वाटेत उभा असतो. एक धिप्पाड अधिकारी येतो, याचे दोन्ही खांदे धरतो, एक शब्द न बोलता याला उचलून बाजूला ठेवतो आणि निघून जातो. स्टूल सरकवावं तसं. मारलं असतं तर मी माफ केलं असतं, असं हा म्हणतो. मग तो कित्येक वर्षं त्या अधिकाऱ्याचा माग काढतो आणि शेवटी सूड ठरवतो, तो असा: नेव्हस्की प्रॉस्पेक्ट या हमरस्त्यावर समोरासमोर आल्यावर आपण बाजूला व्हायचं नाही. खांद्याला खांदा लागू द्यायचा. पण त्यासाठी कपडे बरोबरीचे हवेत. म्हणून काळे हातमोजे. म्हणून ओव्हरकोटाची रॅकूनची कॉलर काढून बीव्हरची. अस्सल परवडत नाही, मग जर्मन बीव्हर. लवकर विटतं खरं, पण नवं असताना दिसतं छान, आणि याला वापरायचं एकदाच आहे. त्यासाठी साहेबाकडे उसने पैसे मागायचे म्हणून दोन-तीन रात्री झोप नाही. बावीस वर्षांपूर्वी, 1842 मध्ये, गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ या कथेतल्या कारकुनानेही मार्टेन परवडत नाही म्हणून मांजराची कॉलर लावली होती, लांबून मार्टेन वाटेल अशी. पण त्या बिचाऱ्याला थंडी वाजत होती.

टक्कर शेवटी होते. अनेकदा कच खाल्ल्यावर एके दिवशी डोळे मिटून हा पुढे जातो आणि खांद्यावर खांदा आपटतो. अधिकारी वळूनसुद्धा बघत नाही. लागतं यालाच जास्त. आणि हा इटालियन गाणी गुणगुणत घरी येतो.

मला हा प्रसंग नेहमी विनोदी वाटायचा. मिसळीनंतर तसा राहिला नाही. मीही त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यावर शीळ घालत होतो. लिफ्टपाशी पोचेपर्यंत जळजळ सुरू झाली होती, पण शीळ चालू होती.

अस्तित्ववादावरची जी प्रसिद्ध संकलनं आहेत, त्यांतल्या एकात, वॉल्टर कॉफमनने 1956 मध्ये काढलेल्या, या पुस्तकाचा फक्त पहिला भाग घेतलेला आहे. दोस्तोयेव्हस्कीला अस्तित्ववादी म्हणायचं कारण दिसत नाही, पण अस्तित्ववादाची याहून चांगली नांदी कुणी लिहिलेली नाही, असं तो म्हणतो. नांदी हे ठीक. पण नांदी झाल्यावर पडदा वर जातो, नाटक दुसऱ्या भागात आहे, आणि ते गाळून नुसती नांदी वाचणारे मग माझ्यासारखे होस्टेलात उपाशी झोपतात. पहिल्या भागात माणूस युक्तिवाद करतो आणि जिंकतो. दुसऱ्यात तो जुन्या वर्गमित्राच्या निरोपाच्या जेवणाला न बोलावता जातो. जेवण पाचाऐवजी सहाला ठेवल्याचं त्याला कुणी कळवलेलं नसतं. तासभर तो रिकाम्या खोलीत ताटकळतो. मग सगळे येतात, पितात, हा भांडतो, ते याच्याकडे बघणं सोडून देतात, आणि हा आठ ते अकरा, पूर्ण तीन तास, टेबलापासून शेगडीपर्यंत आणि शेगडीपासून टेबलापर्यंत येरझाऱ्या घालतो. मला कुणाची गरज नाही हे दाखवण्यासाठी. मुद्दाम बुटांचा आवाज करत. निघून जाण्याचं स्वातंत्र्य त्याला पूर्ण तीन तास होतं.

त्याच रात्री त्याला लिझा भेटते. वीस वर्षांची, रीगाहून आलेली, वेश्यागृहात नुकतीच दाखल झालेली. तो तिला घर, नवरा, मूल यांची हळवी चित्रं रंगवून सांगतो. सुरुवातीला तो खेळ असतो. ती ऐकते, हेलावते, आणि हा घाईने स्वतःचा पत्ता देऊन येतो. मग ती खरंच येते. नेमकी अशा वेळी, की हा फाटका झगा घालून नोकराशी पगारावरून किंचाळत असतो. नोकराचं नाव अपोलोन, पगार सात रूबल, आणि तो त्याने तोंड उघडून मागावा म्हणून याने अडकवून ठेवलेला. लिझाला पाहून हा घाबरतो, अपोलोनच्या हातात पगार कोंबतो आणि जवळजवळ पाया पडून सांगतो, खानावळीतून चहा आण, दहा रस्क आण. चहा येतो. टेबलावर ठेवला जातो. दोघं त्याच्याकडे बघतात. ती संकोचाने सुरुवात करत नाही, आणि हा मुद्दाम सुरुवात करत नाही, तिला आणखी अवघड वाटावं म्हणून.

बाविसाव्या वर्षी मी हा चहा पाहिलाच नव्हता. या वेळी त्या पानावर मी थांबलो. दोन पेले, वाफ विरत चाललेली. पुढे तो तिच्यावर सगळं विष ओततो. मी तुला हसत होतो, मला कसली दया नि कसलं काय. जगाचं वाटोळं होऊ दे, मला माझा चहा मिळाला की झालं, असंही त्यात म्हणतो. समोरचा चहा गार होत असताना! आणि लिझा, जिने अपमान होऊन उठून जायला हवं होतं, तिला भलतंच कळतं. हा माणूस स्वतः दुःखी आहे, एवढंच ती त्या सगळ्या बडबडीतून उचलते, आणि त्याला मिठी मारते. तो हुंदके देऊन रडतो. पंधरा मिनिटं. मग उशीत तोंड खुपसलेलं असतानाच त्याच्या मनात हिशेब सुरू होतो, की आता भूमिका बदलल्या, आता ती वरचढ झाली. ती जायला निघते तेव्हा तो तिच्या मुठीत नोट कोंबतो. ती गेल्यावर टेबलावर त्याला ती निळी पाच रूबलची नोट दिसते, चुरगळलेली. तो बाहेर धावतो. सरळ रेषेत दाट बर्फ पडतोय, दोनशे पावलांवरच्या चौकात तो थांबतो, आणि मग स्वतःला पटवतो की अपमान तिला शुद्धच करेल. आणि परत घरी.

कोष्टक मांडणाऱ्याने त्याला ओळखलं असतं तर तो वेडा व्हायला तयार होता. पण लिझाच्या हातात कोष्टक नव्हतं. तिने नुसतं पाहिलं आणि ओळखलं. या दोन ओळखींतला फरक त्या अतिहुशार माणसाला कळत नाही. कुणी ओळखलं की त्याला खांद्यावर तेच हात जाणवतात, उचलून बाजूला ठेवणारे. बायकोने त्या रात्री पेला देताना माझ्याकडे पाहिलं तेव्हा मीसुद्धा मान भिंतीकडे वळवली होती.

हा दुसरा भाग लिहिला जात होता तेव्हा मॉस्कोमध्ये शेजारच्या खोलीत लेखकाची बायको मारिया, त्याची माशा, क्षयाने संपत होती. एप्रिल 1864 मध्ये ती गेली. दुसऱ्या दिवशी त्याने वहीत नोंद केली आहे. माशा टेबलावर ठेवलेली आहे. माशाची पुन्हा भेट होईल का? आणि त्यालाच लागून लिहिलं आहे की दुसऱ्यावर स्वतःइतकं प्रेम करणं या पृथ्वीवर शक्य नाही, ‘मी’ आडवा येतो. संसार दोघांचा फारसा सुखाचा नव्हता. मी त्या टेबलाचा विचार करत राहतो. एका टेबलावर माशा, आणि कागदावर दुसऱ्या टेबलावर न प्यायलेला चहा.

या लेखकाकडे चहा फार आहे, हे एकदा लक्षात आलं की सगळीकडे दिसायला लागतो. 1872 पर्यंत क्रमशः येऊन संपलेल्या ‘डेमन्स’ या मोठ्या कादंबरीतला किरिलोव्ह हा इंजिनिअर. माणूस पूर्ण स्वतंत्र आहे हे सिद्ध करण्यासाठी कारण नसताना मरायला निघालेला. तो रात्रभर खोलीत फेऱ्या मारत चहा पितो, उजाडेपर्यंत; परदेशात रात्रीच्या चहाची सोय नाही अशी तक्रारही करतो. ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधल्या रस्कोल्निकोव्हचं उलटं. त्याला वाटतं आपण स्वतंत्र इच्छेने कुऱ्हाड उचलतोय, पण चौकात कानावर पडलेलं एक वाक्य, की उद्या सात वाजता ती सावकारीण म्हातारी घरी एकटी असेल, त्याला ओढत नेतं. कपड्याचं टोक यंत्राच्या चाकात अडकावं आणि माणूस खेचला जावा तसं, अशी उपमा लेखकानेच दिली आहे. आणि ‘ब्रदर्स करमाझोव्ह’ या शेवटच्या कादंबरीतला तो म्हातारा धर्मन्यायाधीश तर सांगून मोकळा होतो, लोकांना स्वातंत्र्याचं ओझंच झालेलं असतं, कुणाच्या तरी पायाशी ते आणून टाकायला ते आतुर असतात. सकाळी सव्वानऊला, दहा मिनिटांत पंच करायचं असताना, त्याचं म्हणणं मला बरंचसं पटतं. रोज काय खायचं हे ठरवावं लागत नव्हतं, हे माझ्या दिवसातलं केवढं सुख होतं, ते मला मिसळीनंतर कळलं.

कारण मिसळीनंतर तीन आठवडे मी त्या हॉटेलात गेलो नाही. पलीकडच्या चौकात टोकन घेऊन उभ्याने खायची जागा आहे, तिथे जायचो. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता “बोला” म्हणतो. मी रोज वेगळं सांगितलं. इडली, शिरा, एकदा कटवडा. स्टीलच्या उंच टेबलाशी उभं राहून खाताना दोन्ही बाजूंनी अनोळखी कोपरं लागत आणि कुणीच कुणाकडे बघत नसे. पहिले दोन दिवस बरं वाटलं. मग एकदा चहाचा पहिला घोट घेतला, पाकासारखा गोड होता, आणि मला कुणाला सांगावं ते कळेना.

काल गेलो. टेबल रिकामं होतं. अण्णांनी मला रस्ता ओलांडताना पाहिलं की नाही ते कळलं नाही. मी खाली मान घालून ओलांडला. ते आले, पाण्याचा ग्लास ठेवला, खांद्यावरच्या फडक्याने टेबल पुसलं. मग काखेतून प्लास्टिक चढवलेलं मेनूकार्ड काढून माझ्यापुढे धरलं. अकरा वर्षांत त्यांनी मला कार्ड दिलं नव्हतं. “काय घेणार, साहेब?” आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. नवीन गिऱ्हाइकाला विचारावं तसं स्वच्छ विचारलं. मी कार्ड वरून खाली वाचलं. उपमा चौथ्या ओळीत होता. किंमत मला माहीतच नव्हती, मी नेहमी एकूण बिल देत आलो होतो. कार्डाच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली एक मुंगी अडकून वाळली होती. “नेहमीचं” हा शब्द जिभेच्या टोकावर आला आणि तो म्हणायचा हक्क आता आपल्याला आहे का, असं वाटून तिथेच राहिला.

“चहा,” मी म्हणालो.

“आणि?”

“बघतो अजून.”

ते कार्ड तिथेच ठेवून गेले. कपबशी आली. अण्णा बेसिनशेजारच्या खांबाला टेकून दुसरीकडे बघत उभे राहिले, मला घाई होऊ नये म्हणून, किंवा त्यांचे पाय दुखत असतील म्हणून. चहावर साय धरायला लागली होती. मी ती बोटाने बाजूला केली आणि एक घोट घेतला.

साखर कमी होती. मी सांगितलेलं नव्हतं.